मडगार्डवरच्या चार ओळी

रसग्रहणाला आधी संहिता लागते. माझ्यापुढे आहे ती चार ओळींची आहे, आणि ती कागदावर उतरलेली नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यात, माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या डाव्या मडगार्डवर साचलेल्या धुळीत, एका मिस्त्रींनी तर्जनीनं ती उमटवली:

१२.९
१४.२
०.२
१.१

एवढंच. शीर्षक नाही, एकक नाही, खाली सही नाही. मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. चारोळ्या पुष्कळ वाचल्या, मुलांच्या तपासल्या, भिडेखातर दोन-तीन अंकांत छापूनही आणल्या. इतक्या कमी जागेत इतकी गोष्ट सांगणारी दुसरी चारोळी मला आठवत नाही. म्हणून हा खटाटोप.

पद्मिनीची ओळख लांबवत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघत होती, १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पेपरांनी भरभरून हळहळ छापली. मी ती वाचत होतो तेव्हा माझी पद्मिनी, वडिलांनी १९८४ साली घेतलेली, दारात उभी होती आणि सुरू होत नव्हती.

तक्रार साधी होती. सेल्फ मारला की इंजिन आळस दिल्यासारखं अर्धा वळसा घेई आणि थांबे. गल्लीतली पोरं धक्का द्यायची, मी दुसऱ्या गियरला क्लच सोडायचो, गाडी खोकत सुरू व्हायची. पोरांना मजा यायची, मला यायची नाही. एका गॅरेजात दाखवली. ‘बॅटरी गेली’ म्हणाले, नवी घातली. दोन-तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. ‘सेल्फ बसलाय’ म्हणाले. सेल्फ उतरवून भरून घेतला. आठ दिवसांत पुन्हा धक्का. तेव्हा ‘आता अल्टरनेटर बदलून बघू’ असा प्रस्ताव आला.

‘बदलून बघू’ हा आपल्याकडचा मोठा संप्रदाय आहे आणि त्याचे अनुयायी गॅरेजातच भेटतात असं नाही. कवितेतला एखादा शब्द खटकला की दुसरा घालून बघणारे संपादक मी पाहिलेत. खटकतंय ते नेमकं कुठं, हे न वाचताच दुरुस्ती सुरू होते. कधी लागूही पडते, आणि ते जास्त वाईट, कारण मग पंथ वाढतो.

गाडी उद्यमनगरात आणली ती शेजारच्यांच्या सांगण्यावरून. मिस्त्री साठीचे. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. मीटर पिवळा, जुना; त्याच्या लाल पिनेचं टोक दगडावर घासून सुईसारखं केलेलं, म्हणजे गंजाच्या पापुद्र्यातून आत शिरावं. मी सवयीनं बॉनेट उघडायला गेलो.

“थांबा सर. आदी सांगा तरी.”

मग प्रश्न. कधीपासून? पावसात जास्त होतं की उन्हातही? आणि तिसरा प्रश्न, जो मला त्या दिवशी किरकोळ वाटला: “रात्रभर हुबी ऱ्हाऊन उतरती, का चालवून आणली तरी उतरलेलीच असती?” आता कळतं की त्या एका वाक्यानं निम्मं रान मोकळं झालं होतं. उभ्या उभ्या बॅटरी उतरत असेल तर कुठून तरी करंट गळतोय. चालवून आणूनही उतरलेलीच असेल तर ती भरतच नाहीये. गळका रांजण आणि न भरलेला रांजण सकाळी सारखेच रिकामे दिसतात. मी सांगितलं, रात्री पावसात रंकाळ्यापासून घरापर्यंत आणली की सकाळी हमखास धक्का. दिवसा फिरवली तर त्यातल्या त्यात बरी असते.

“आनी काय?”

“आणखी काही नाही. चोकची तार तेवढी जाम झालीय, जमलं तर तीही बघा.”

“ती कवापास्नं?”

“याच पावसाळ्यापासून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “बरं” म्हणाले आणि मीटर काढला. एखाद्या कवितेत दुसऱ्या ओळीत उगाच आल्यासारखा वाटणारा शब्द शेवटच्या ओळीत अंगावर येतो, तसा तो चोक पुढे येणार होता. मला अर्थातच पत्ता नव्हता.

वैद्यकात लक्षण असतं आणि काव्यशास्त्रात लक्षणा. अभिधेनं शब्दाचा सरळ अर्थ कळतो. तो बसत नसेल तर लक्षणेनं जवळचा दुसरा घ्यावा लागतो. आणि दोन्हींच्या पलीकडे जे सूचित होतं ती व्यंजना. सेल्फ फिरत नाही, याचा वाच्यार्थ बॅटरी. वाच्यार्थावर थांबलेल्यांनी मला एक बॅटरी विकली होती.

पहिलं वाचन शांततेतलं. इंजिन बंद. गाडी नुकतीच धक्क्यानं सुरू करून आणलेली, म्हणून लगेच मीटर लावला नाही. हेडलाइट दोन मिनिटं चालू ठेवले, बंद केले, थोडा वेळ जाऊ दिला. गाडीतून उतरल्या उतरल्या बॅटरी जरा फुगवून सांगते, वरवरचा चार्ज असतो, तो आधी उतरवावा लागतो. मग पिना लावल्या त्या टर्मिनलच्या क्लॅम्पला नव्हे, मधल्या शिशाच्या खुंटालाच. १२.२. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. पाण्याची झाकणं काढून हायड्रोमीटर बुडवला. सहाही घरांत आकडा ११८० ते ११९० च्या दरम्यान. हा ‘सहाही’ फार महत्त्वाचा. बॅटरीच खराब असती तर एखादं घर वेगळं पडलं असतं. ही सहा भावंडं सारखीच उपाशी होती. जेवण कमी पडत होतं, पोटात दोष नव्हता.

गळती नाही ना, तेही पाहिलं. निगेटिव्ह काढून मधे मीटर घातला, जवळजवळ शून्य. जुन्या गाडीचं हे एक सुख आहे. किल्ली काढली की ती खरोखर झोपते. आजकालच्या गाड्या झोपेतही कुठल्या कुठल्या डब्यांना करंट पाजत असतात.

मग किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. इथं मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण या सगळ्या यंत्रणेत माझ्या लेखी सर्वांत सुंदर जागा तीच आहे, आणि चाळीस वर्षं तिच्याकडे बघत असूनही मला ती दिसली नव्हती.

माझी समजूत अशी की हा दिवा म्हणजे पहारेकरी. चार्जिंग बंद पडलं की कुणीतरी तो लावतं, ठीक झालं की विझवतं. तसं कुणीही नाही. या गाडीला मूळचा डायनामो होता. पंधराएक वर्षांपूर्वी तो काढून जुन्या घडणीचा, नऊ डायोडांचा अल्टरनेटर बसवलाय. त्यात दिव्याचं एक टोक इग्निशनमार्गे बॅटरीच्या पॉझिटिव्हला असतं, दुसरं अल्टरनेटरला. किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट दिव्यातून अल्टरनेटरच्या रोटरमध्ये जातो आणि तिथून बॉडीला. म्हणून दिवा लागतो. पण तो दोन-अडीच वॅटचा करंट नुसता दिवा लावून संपत नाही. रोटरला पहिलं चुंबकत्व तोच देतो. इंजिन फिरू लागलं की भोवतीच्या स्टेटरमध्ये वीज उपजते. सहा मोठ्या डायोडांतून ती बॅटरीकडे निघते आणि तीन लहान डायोडांतून रोटरकडेच परत येते. त्या क्षणी दिव्याच्या अल्टरनेटरकडच्या टोकालाही बॅटरीइतकाच व्होल्टेज येऊन उभा राहतो. दोन्ही बाजू समान झाल्या, मग मधून वाहायचं काय? दिवा विझतो. त्याला कुणी विझवत नाही.

म्हणजे ज्यानं पहिली ठिणगी दिली, तोच पुढे बरोबरी झाली म्हणून गप्प होतो. मला हे कळलं तेव्हा मी मिस्त्रींना दोनदा किल्ली फिरवायला लावली. त्यांना वाटलं असावं, सर भ्रमले.

यातून दोन गोष्टी निघतात. दिव्याचा बल्बच गेला असेल तर बऱ्याच गाड्यांत चार्जिंग सुरूच होत नाही, निदान इंजिन जोरात पळवेपर्यंत तरी नाही. आणि त्या इवल्याशा बल्बपायी धडधाकट अल्टरनेटर खाली उतरवले जातात. म्हणून किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो का, हे आधी पाहायचं. विझतो का, हे नंतर. दुसरी गोष्ट आमच्या संहितेच्या दृष्टीनं मोलाची. दिव्याची दोन्ही टोकं पॉझिटिव्हच्या बाजूला आहेत. निगेटिव्हच्या बाजूला काय गोंधळ चाललाय, याचा त्याला गंधही नसतो. माझा दिवा त्या सगळ्या पावसाळ्यात शिस्तीनं लागत होता, शिस्तीनं विझत होता. तो खोटं बोलला नाही. त्याला विचारलेलंच तेवढं होतं.

डायनामोवाल्यांना हे सगळं जरा पचपचीत वाटेल, ते मला मान्य आहे. मिस्त्रींच्या कपाटात एक जुना कटआउट आहे, काळ्या झाकणाखाली तीन कॉइल: एक बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरू नये म्हणून, एक व्होल्टेज सांभाळणारी, एक करंट आवरणारी. चालू असताना त्याचे पॉइंट सतत थरथरतात, कान लावला तर ऐकू येतात. डायनामो तपासायचा तर त्याच्या डी आणि एफ या दोन्ही खुंट्यांच्या वायरी काढून खुंट्या एकमेकींना जोडायच्या, मीटर लावायचा आणि रेस हळूहळू वाढवायची. आकडा भराभर चढला तर डायनामो निर्दोष, कटआउटकडे बघा. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर. अर्धा-एक व्होल्टवर रेंगाळला तर फिल्ड कॉइल. काहीच नाही आलं तर कार्बन. एका जोडणीत चार आरोपींची ओळखपरेड! पण डायनामो आयडलला जवळजवळ काहीच देत नसे. सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे पडत. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि क्रायस्लरच्या १९६० च्या व्हॅलियंटपासून अमेरिकेत अल्टरनेटर सर्रास गाड्यांत येऊ लागला. आपल्याकडे तो निवांत आला. आपल्याकडे सगळंच निवांत येतं.

असो. गाळ्यात परत येतो.

पिना खुंटांवरच ठेवून मिस्त्री म्हणाले, “सेल्फ मारा.” इंजिन कण्हलं, अर्धा वळसा, थांबलं. मी खिडकीतून मान काढून मीटर पाहिला: ११.४.

“बॅटरी धडधाकट हाय,” मिस्त्री म्हणाले.

निम्मी उतरलेली बॅटरी, न फिरणारं इंजिन, आणि हे म्हणतात धडधाकट. या ओळीचा अर्थ मला त्या क्षणी लागला नाही. लागला तो संध्याकाळी घरी. सेल्फ हा गाडीतला सर्वांत खादाड प्राणी. बॅटरी कमकुवत असती तर त्यानं तोंड लावताच ती कोसळली असती, ९.६ च्याही खाली. इथं ती ११.४ वर निवांत उभी. म्हणजे सेल्फला हवं तेवढं खायला मिळतच नव्हतं. ताट भरलेलं, माणूस भुकेला, आणि मधे कुणीतरी हात धरलाय. एका आकड्यानं बॅटरी सुटली, सेल्फही बहुतेक सुटला, आणि संशय अशा ठिकाणी गेला जिथे विकण्यासारखा पार्टच नव्हता. ‘बदलून बघू’वाल्यांना ती जागा का दिसली नसावी, हे मी वाचकांवर सोपवतो.

तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं. अंगठ्यानं फॅन बेल्ट दाबून पाहिला. जेमतेम बोटाच्या जाडीइतका दबला, बरोबर होता. बॅटरीवर मीटर: १३.६. आधीच्या गॅरेजात इथंच थांबले होते. “चार्जिंग ओके,” असं बिलावर लिहूनही दिलं होतं. दुपारची वेळ, उघडं आकाश, लाइट बंद, वायपर बंद. ज्या प्रसंगी गाडी रडत होती तो प्रसंगच उभा न करता तिची जबानी घेतली होती.

“मोठी लाइट लावा. वायपर बी. रेस धरा थोडी.”

आकडा उतरत उतरत १२.९ वर आला. मिस्त्रींनी मडगार्डवर पहिली ओळ लिहिली.

१२.९ ही ओळ तक्रारीची आहे. चालत्या इंजिनावर बॅटरीला साधारण १३.८ ते १४.४ मिळायला हवेत, १२.९ वर ती मरत नाही, पण भरतही नाही. रंकाळ्यापासून घरापर्यंत रात्रीच्या पावसात मी जो प्रवास करत होतो, तो हा आकडा होता. चांगली पहिली ओळ असते तशी ही आहे: सगळं सांगते आणि कारण सांगत नाही.

दुसऱ्या ओळीसाठी त्यांनी अंग वाकवून दोन्ही पिना अल्टरनेटरलाच लावल्या. लाल त्याच्या जाड वायरच्या खुंटीला, काळी त्याच्याच अंगाला. १४.२.

इथं कविता वळते. अल्टरनेटरच्या दारात १४.२ आहेत आणि हातभर अंतरावरच्या बॅटरीजवळ १२.९. कारखाना पुरेसं बनवतोय, घरी पोहोचत नाहीये. शिवाय व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर या अल्टरनेटरच्या पोटातच बसलेला. तो आपल्या उंबरठ्यावरचंच मोजतो. १४.२ दिसतात, समाधानानं हात आखडतो. बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळण्याची सोयच नाही. मधल्या मधे त्यांनी मीटर एसीवर करून डायोडही पाहून घेतले. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं असतं तर एखादा डायोड गेला असं धरायचं, इथं नुसती कुजबुज होती. जो अल्टरनेटर मी दुसऱ्या दिवशी बदलणार होतो, त्याची निर्दोष मुक्तता या ओळीत आहे.

याच ठिकाणी मिस्त्रींनी एक गोष्ट केली नाही, तिचीही नोंद करायला हवी. रस्त्याकडेचे बरेचजण चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर फटकन काढून बघतात; गाडी चालू राहिली तर म्हणे अल्टरनेटर चांगला. डायनामोच्या काळातली ही सवय. अल्टरनेटरवर बॅटरी अशी अचानक सुटली की व्होल्टेज उसळी मारतो आणि डायोड जाऊ शकतात. म्हणजे परीक्षेत पास झालेला विद्यार्थी परीक्षेनंच मारायचा. कवी काय गाळतो, यावरही त्याची इयत्ता ठरते.

तिसरी ओळ. एक पिन अल्टरनेटरच्या खुंटीवर, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर. ०.२. मी इतका वेळ समजत होतो की मीटर एखाद्या जागेचा व्होल्टेज सांगतो. जागेला व्होल्टेज नसतोच. तो दोन जागांमधला असतो, नात्यासारखा. पॉझिटिव्हच्या वायरच्या दोन टोकांना पिना लावल्या तर खरं म्हणजे काहीच दिसायला नको, एकच तर वायर आहे. जे दिसतं ती वाटेतली हरवलेली रक्कम. चाळिशीतल्या वायरिंगला ०.२ माफ असतं. ही ओळ वरवर पाहता भरतीची. पण ती नसती तर चौथीला वजन आलं नसतं. ती म्हणते, इकडे नाही.

चौथी. अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह खुंट. गाडीची भाषा न येणाऱ्याला ही मोजणी वेडेपणाची वाटेल. दोन्ही ‘अर्थ’. दोन्ही एकाच लोखंडी सांगाड्यात. इथं शून्याजवळचं काहीतरी यायला हवं. १.१ आले.

मिस्त्रींनी तो आकडा लिहिला आणि बोट पँटला पुसलं.

आता वरपासून वाचा. बॅटरीला मिळाले १२.९. पॉझिटिव्ह वाटेत गेले ०.२. परतीच्या वाटेत गेले १.१. बेरीज करा. १४.२. दुसरी ओळ.

यमक जुळल्याचा आनंद मला पुष्कळदा झालाय. बेरीज जुळल्यावर अंगावर काटा येण्याची ही पहिलीच वेळ. वर्तुळात कुठंही काही नाहीसं होत नाही, प्रत्येक दशांशाचा पत्ता लागतो, हा नियम किर्खहोफनं १८४५ साली मांडला तेव्हा तो क्योनिग्जबर्गला शिकत होता, वय वर्षं एकवीस. मिस्त्रींना हे नाव सांगितलं. “असंल की,” म्हणाले.

मी विचारलं, तुम्हाला तर ११.४ लाच अंदाज आला होता, मग सरळ अर्थ का नाही बघितली? एवढा लिहिण्याचा व्याप कशाला?

“एका जागी घावलं म्हंजे दुसरीकडं न्हाई असं थोडंच हाय? बेरीज लागली की सुटलो.”

शोधलेलं सापडणं वेगळं आणि दुसरीकडे काही उरलेलं नाही अशी खात्री होणं वेगळं. आमच्याकडे समीक्षेत पहिल्यावरच लेख छापतात.

दोष सापडला तो गाडीखाली. इंजिन रबरी माउंटिंगांवर बसलेलं असतं, म्हणजे सांगाड्यापासून तुटलेलं. त्याला बॉडीशी जोडते ती तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी. आदल्या वर्षी इंजिन उतरवून काम केलं, तेव्हा एका ठिकाणी हौसेनं सगळं आतून रंगवून दिलं होतं. मीच कौतुक केलं होतं, कसं नवंकोरं दिसतंय म्हणून. पट्टी त्या जाड रंगावरच आवळलेली. बोल्टच्या आट्यांतून जे काही धातूला धातू लागत होतं त्यावर वर्षभर निभावलं, आणि पावसाळ्यात तिथंही गंज चढला. आधीच्या गॅरेजात ही पट्टी तपासली नव्हती असं नाही. मीटर आवाजावर ठेवून दोन टोकांना लावला होता आणि तो ‘टूं’ वाजला होता. वाजणारच. त्या चाचणीत मीटर मुंगीएवढा करंट सोडतो. मुंगीला पुलावरची एक फळीही पुरते. हत्ती घालून पाहायला हवा. म्हणून मोठी लाइट, म्हणून वायपर, म्हणून रेस.

मिस्त्रींनी बोल्ट काढला, तेराचाच पाना होता, पॉलिश पेपरनं रंग आणि गंज घासून लोखंड रुपयाएवढं उजळ केलं, पट्टीची दोन्ही टोकं घासली, आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला एक जाड केबल, दोन्ही टोकांना थिंबल ठोकून. पाऊण तासातलं प्रत्यक्ष काम एवढंच, पंधरा मिनिटांचं.

बोल्ट काढण्याआधी मात्र त्यांनी मला एक गंमत दाखवली होती. पट्टी अजून जुन्याच अवस्थेत होती. “चोकची तार धरा हितं, कार्बोरेटरपाशी. दुसऱ्या बाजूनं सेल्फ मारतो.” त्यांनी सेल्फ मारला आणि मी हात काढून घेतला. तार तापली होती.

सेल्फचा करंट इंजिनमधून बॉडीत परतायला बघतो. सरकारी रस्ता बंद, मग तो मिळेल त्या बोळातून निघतो. डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत गेलेली चोकची पोलादी तार हा तसा एक बोळ. इतके दिवस मी सकाळी सेल्फ मारत होतो तेव्हा तो राक्षस त्या सुतळीएवढ्या तारेवरून चालत होता. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलं होतं. चोक जाम. ‘जमलं तर तीही बघा’ म्हणून मी शेवटी जोडलेली ती तक्रार तक्रार नव्हतीच, उत्तर होतं. मिस्त्रींनी ते ऐकलं तेव्हाच वाचलं होतं आणि तरीही बेरीज लागेपर्यंत तोंडातून काढलं नाही.

सगळं आवळून पुन्हा सेल्फ. इंजिन पहिल्याच वळशात फिरलं, इतक्या जोरात की मीच दचकलो. मोठी लाइट, वायपर, रेस: बॅटरीवर १४.०. दोन्ही वाटांत मिळून दोन दशांश. हे आकडे त्यांनी लिहिले नाहीत. पहिल्या चार ओळी मी तेवढ्यात टिपून घेतल्या, खिशात सापडलेल्या कागदाच्या पाठीवर. तो कागद नव्या बॅटरीच्या बिलाचा होता. फोटो काढायला मोबाइल काढला तोवर मिस्त्रींनी चिंधी घेऊन मडगार्ड साफ पुसलं. गाडी पुसून द्यायची त्यांची रीत आहे.

पैसे देताना त्यांनी विचारलं, “जुनी बॅटरी कुठाय मग?”

“एक्स्चेंजला दिली. नवीवर काहीतरी सूट होती.”

“हां,” मिस्त्री म्हणाले, मीटरच्या पिना एकमेकींभोवती गुंडाळल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला विचारू लागले, “कवापास्नं?”